काळ्या खाडीच्या स्वाराची तलवार

मी एक जुनी तलवार आहे. पण मित्रांनो, मागे सरकू नका. माझ्याने साधी काकडीसुद्धा चिरली जात नाही. मी लाकडाची आहे, वरून रुपेरी रंग दिलेली. तरीही माझ्या नावावर तीन सिनेमे आहेत आणि असंख्य माणसं मी लोळवली आहेत. कट म्हटल्यावर ती सगळी उठून चहा प्यायला गेली, ही गोष्ट वेगळी.

मला घडवलं श्याम मेस्त्रींनी. नाटक-सिनेमाचं सामान भाड्याने देण्याचा त्यांचा धंदा होता. मुकुट, गदा, ढाली, सगळं ते स्वतः करायचे. माझा जन्म मला आठवत नाही. तुम्हाला तरी तुमचा कुठे आठवतो? पहिली आठवण आहे ती रंगाच्या वासाची आणि मेस्त्रींच्या आवाजाची. त्यांनी मला हवेत फिरवलं, तसं माझ्या पोटात बारीकसं 'खुट' वाजलं. ते कान देऊन ऐकत राहिले आणि गालात हसले. का हसले, ते काही बोलले नाहीत.

माझा पहिला सिनेमा काळा-पांढरा होता. 'काळ्या खाडीचा स्वार' नावाची एक जाडजूड कादंबरी त्या काळी घरोघरी वाचली जायची, तिच्यावर बेतलेला. त्यातला स्वार जुलमी किल्लेदाराशी लढतो, आणि मी म्हणजे त्या स्वाराची तलवार. आहे की नाही मान? पण सिनेमावाल्यांची तऱ्हा न्यारी. आधी शेवटाचा प्रसंग उरकतात, मग सुरुवात, आणि मधलं सवडीने. मला गोष्टीचं काही म्हणता काही कळेना. वार करायचा म्हटलं की मी वार करायची; कुणावर आणि कशासाठी, हे कोण सांगणार? त्यातून माझा स्वभाव पडला भोचक. सेटवरच्या लोकांच्या बोलण्यातून एवढंच हाती लागलं, की पुस्तकातला शेवट काही वेगळाच आहे आणि निर्मात्यांना तो नको आहे. "असा शेवट केला तर पब्लिक खुर्च्या मोडेल!" असं ते ओरडले होते. मग स्वार मला उंचावून घोड्यावरून दौडत गेला आणि सिनेमा संपला. त्या दिवशी मेस्त्री कुणाशी एक शब्द बोलले नाहीत.

काही वर्षांनी रंगीत सिनेमा निघाला. त्यात तर कमालच केली. पुस्तकात किल्लेदाराला एक लहान मुलगी आहे म्हणे. यांनी तिला थेट लग्नाच्या वयाची करून टाकलं, दोन गाणी दिली आणि शेवटी स्वाराशी तिचं लग्न लावून दिलं. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभी. त्या सिनेमाच्या नायकाने तक्रारही केली, "अहो मेस्त्री, तुमची तलवार आतून वाजते." मेस्त्री म्हणाले, "वाजू दे. वेळ आली की बोलेल." मला वाटलं, बोलेन हो, पण काय बोलू? आधी मला गोष्ट तर कळू दे!

दरवर्षी खंडेनवमीला मेस्त्री आपली हत्यारं पुजायचे. करवत, पटाशी, हातोडी आणि त्यांच्या रांगेत मी. मला कुंकू लावायचं ते पात्याच्या बरोबर मधोमध. त्यांची लहानगी लेक हेमा मुठीजवळ लावायला गेली, तर ते तिचा हात धरून मध्ये आणायचे आणि म्हणायचे, "इथेच." रंगीत सिनेमाच्या वेळी ते कुंकू कधी पुसलं, कधी पुसायचं राहून गेलं. पडद्यावरच्या लढाईत माझ्या पोटावर एकदा लाल टिकली दिसते, एकदा गायब होते, पुन्हा उगवते. लोक अजून मोबाईलवर ते बघून खिदळतात. हसा बापडे.

मेस्त्री गेले आणि माझे दिवस फिरले. सामान धायरीच्या गाळ्यात हलवलं. कधी शाळेच्या स्नेहसंमेलनाला जायची, कधी माझ्याने छताची जळमटं काढली जायची. किल्लेदाराला लोळवणारी मी, आणि कोळ्यांच्या मागे लागलेली! रडू यायचं मला. पण हेमा, जिला आता सगळे हेमाकाकू म्हणतात, तिने कुंकवाचा नेम मोडला नाही. दर खंडेनवमीला, बरोबर मधोमध. तिच्या टेबलावर ती कादंबरीही होती, माझ्यापासून हातभर अंतरावर. माझा शेवट तिच्यात मिटून पडलेला, पण पान उलटायला मला हात कुठे होते?

आणि गेल्या वर्षी गाळ्यात स्पृहा आली. नवीन दिग्दर्शिका, डोळ्यांवर मोठा चष्मा, बोलण्याचा वेग पाण्याच्या नळासारखा. "काकू, मी 'काळ्या खाडीचा स्वार' करतेय, आणि एकदम पुस्तकासारखा. एंडसकट." मी कान टवकारले. अखेर देव पावला! "लास्ट सीनमध्ये तो तलवार गुडघ्यावर मोडतो ना, त्यासाठी मला ओरिजनलच हवी."

इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहिली, तो शेवट हा? माझाच?

हेमाकाकूने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मोडायला बाजारात काठ्या मिळतात. माझ्या बाबांची तलवार आहे ती. लढायला ने, मोडायला मिळणार नाही."

"अहो पण काकू..."

"जाताना दार ओढून घे."

स्पृहा काही गेली नाही. दोन कप चहा आणि बरीच घासाघीस झाल्यावर ठरलं की लढाईला मी, आणि मोडायला माझ्यासारखीच दिसणारी नकली तलवार. माझा जीव भांड्यात पडला. तरी मनात एक किडा वळवळतच होता: तो ती मोडतो तरी का?

कात्रजच्या बाजूला एका माळावर किल्ल्याचा सेट लागला होता. खंडेनवमी नुकतीच झाली होती, त्यामुळे माझ्या पोटावर ताजं कुंकू. हेमाकाकू सामान सांभाळणाऱ्या चैतालीला म्हणाली, "कुंकवाची ती खरी. लक्षात ठेव." चैताली मोठी काटेकोर पोरगी. तिने मान डोलावली. पण रंगीत सिनेमातली ती उगवती-मावळती टिकली तिनेही मोबाईलवर पाहिली होती. शेवटचा प्रसंग लागला, तशी आपल्यावर कुणी हसू नये म्हणून तिने ओल्या फडक्याने मला आणि त्या नकलीला, दोघींना लख्ख पुसून काढलं. आता खरी-खोटी ओळखायची खूणच गेली, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. आणि स्वाराचं काम करणाऱ्या आमोदच्या हातात तिने दिली ती मी.

मी ओरडत होते, मित्रांनो. पण लाकडाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? हेमाकाकू लांब खुर्चीत बसलेली. कॅमेरा सुरू झाला. किल्लेदार जमिनीवर पडला होता. आमोदने मला उगारलं. तेवढ्यात किल्लेदाराची मुलगी झालेली छोटी अवनी चालत पुढे आली, मान वर करून तिने त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"मग मोठी झाल्यावर मी तुम्हाला मारायचं का?"

एवढा एक प्रश्न, आणि तो कुणी पडद्यावर येऊच दिला नव्हता! त्याऐवजी घोडे पळवले, लग्नं लावली. माझी भीती कुठल्या कुठे गेली. खरं सांगते, त्या पोरीकडे पाहून मला वाटलं, मोडू दे मला. मोडायलाच हवी मी.

आमोदने मला आडवं धरलं, सपाट बाजूने गुडघ्यावर टेकवलं आणि दाबलं. खुट! माझे दोन तुकडे झाले.

"अहो, ती खरी आहे!" हेमाकाकू खुर्ची पाडून धावली. चैतालीने तोंडावर हात ठेवला, तिचे डोळे भरून आले. स्पृहा 'कट' म्हणायचीही विसरली. काकूने माझे तुकडे उचलले, जोडून पाहिले, पुन्हा वेगळे केले. आणि तशीच मातीत बसली.

तुटल्याच्या ढलप्या कुठेच नव्हत्या. एका तुकड्याला नेटकी खुंटी होती, दुसऱ्याला तशीच नेटकी खाच. धारेकडून कितीही वार झेलेल, पण सपाट बाजूने गुडघ्यावर दाबली की अलगद सुटेल, असा सांधा मेस्त्रींनी घातला होता. वर लाखेचा थर, त्यावर रंग, आणि बरोबर त्याच जागी दरवर्षीचं कुंकू. पहिल्या सिनेमात पुस्तकातलाच शेवट घ्यायचा ठरला होता ना! त्यासाठीच तर मला घडवलं होतं. मग निर्मात्यांनी शेवट फिरवला, आणि मेस्त्री गप्प बसले.

"बाबांनी आधीच मोडून ठेवली होती गं," काकू म्हणाली. ती हसत होती आणि रडतही होती. "इथेच, इथेच म्हणायचे मला, आणि मी मेली नुसती कुंकू लावत बसले."

स्पृहा तिच्याशेजारी मातीत बसली. "काकू, परत जुळेल?"

काकूने खुंटी खाचेत बसवली. खुट. "जुळेल की. हवी तेवढी मोड."

सिनेमा लागला तेव्हा हेमाकाकू मला कापडी पिशवीत घालून थिएटरात घेऊन गेली. दारावरच्या माणसाने पिशवी चाचपली आणि विचारलं, "यात हत्यार आहे का?"

"नाही हो," काकू म्हणाली, "कलाकार आहे."

शेवटच्या प्रसंगाला तिने मला पिशवीतून अर्धं बाहेर काढलं. मी मोडले, आणि अख्ख्या थिएटरात कुणी खुर्ची मोडली नाही. माझ्या शेजारी काकू डोळे पुसत होती.

तेव्हा मित्रांनो, गोष्ट हाती घेतलीत तर शेवटच्या पानापर्यंत जा. दुसऱ्याने सांगितलेल्या शेवटावर भागवू नका. आणि घरातली एखादी जुनी वस्तू टाकून देण्याआधी तिला एकदा हातात घेऊन हलवून बघा. आतून खुट वाजलं, तर ती बिघडली असं लगेच म्हणू नका. कदाचित ज्या प्रसंगासाठी तिला घडवलं, तो अजून आलाच नसेल.