उसनी कुंडी

प्लास्टरवाल्या बाईंना राग पटकन येत नसे, पण आला की मुक्कामालाच येई. हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये त्यांनी एकतीस वर्षं लोकांचे मोडलेले हातपाय बांधले. हाड डॉक्टर बसवायचे, बांधायच्या बाई, आणि आभाराचं पत्र यायचं ते डॉक्टरांच्या नावाने. तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी धाकट्या बहिणीला स्पष्ट सांगितलं, की आता एक तरी काम असं करायचं ज्याच्यावर आपलं आणि फक्त आपलं नाव असेल.

म्हणून त्या बोन्साय मंडळात गेल्या. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त इंजिनियर. सगळे त्यांना 'सर' म्हणत, त्यांची बायकोसुद्धा. बाईंना पहिल्या दिवशी कोणीतरी 'नवीन बाई' म्हणालं आणि पुढची चार वर्षं त्या नवीनच राहिल्या.

सरांनी सुरुवातीला सल्ला दिला, की वडाच्या गोतातलं फायकस घ्या आणि समुद्रावरून वाहून आलेल्या लाकडावर चढवा, झाड शंभर वर्षांचं दिसतं. बाईंनी बहिणीला बरोबर घेऊन किनारा पालथा घातला, चांगलं वळणदार लाकूड आणलं, त्यावर रोप बांधलं. दीड महिन्यात पानं काळी पडून गळाली. असलं लाकूड आधी कित्येक आठवडे गोड्या पाण्यात बुडवून, पाणी बदलत राहून त्यातलं मीठ काढावं लागतं, हे सांगायचं सर विसरले होते. बाईंनी विचारल्यावर म्हणाले, "अहो, हे तर कोणालाही ठाऊक असतं." ठाऊक असणाऱ्यांपैकी एकानेही तोंड उघडलं नव्हतं, ते निराळंच.

दुसऱ्या वेळी बाईंनी लाकडाचा नाद सोडला. रस्ता खणत होते तिथून एक भेगाळलेला दगड स्वतः निवडून, पिशवीत घालून, तीन ठिकाणी टेकत घरी आणला. लांब मुळांचं फायकस घेतलं, मुळं धुतली, एकेक मूळ एकेका भेगेत बसवलं. आता बांधायचं. सर म्हणाले होते, सुतळीने आवळा. पण सूज आली की दोरा कसा रुततो हे बाईंनी किती बोटांवर पाहिलं होतं, आणि मूळही फुगणारच. त्यांनी क्रेप बँडेज घेतलं आणि खालून वर गुंडाळत नेलं, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा, कडेखाली अंगठ्याचं नख जाईल इतपत सैल. मग दगडासकट सगळं प्लास्टिकच्या खोल बादलीत रेती-मातीने गळ्यापर्यंत पुरलं.

यानंतरचं खरं काम म्हणजे न बघणं. धाकटीचा जीव वरखाली व्हायचा. दर रविवारी ती म्हणायची, ताई, जरा उकरून बघूया ना. बाई विचारायच्या, हाड जुळलं का ते बघायला मधेच प्लास्टर फोडतात का कधी? दर तीन महिन्यांनी त्या बादलीची कड प्लास्टरच्या मोठ्या कात्रीने दोन बोटं कापायच्या आणि तेवढी माती खाली यायची. वरच्या मुळांना वारा लागायचा, ती टणक व्हायची. बस्स, तेवढंच. तीन वर्षं बाईंनी धीर धरला. शेवटी बँडेज सोडलं तेव्हा प्लास्टर कापताना घाबरलेला पेशंट टेबलाची कड धरतो तशी मुळांनी दगडाला मिठी मारली होती. धाकटी रडली. बाई नाही रडल्या, पण त्या दिवशी त्यांचा चहा तसाच राहिला.

मंडळाच्या प्रदर्शनात झाड उथळ कुंडीतच ठेवावं लागतं. त्या मापाची कुंडी दुकानात मिळेना. सरांनी आपणहून त्यांची राखी-निळी कुंडी पुढे केली. "घेऊन जा हो, पडूनच आहे." बाई विरघळल्या. माणूस वाईट नाही, असं घरी जाऊन म्हणाल्यासुद्धा.

त्यांनी झाड त्या कुंडीत लावलं, आदल्या संध्याकाळी हॉलवर पोचवलं आणि सरांनी विचारलं तेव्हा बँडेजचंही सांगितलं. प्रदर्शनाच्या सकाळी दोघी बहिणी हॉलमध्ये शिरल्या, तर मखमली कापडावर बाईंचं झाड मधोमध मांडलेलं होतं. लोक गर्दी करून बघत होते. समोरच्या कार्डावर सरांचं नाव होतं. शेजारी स्वतः सर उभे होते आणि एका पाहुण्याला सांगत होते, की मुळं आवळण्याऐवजी बँडेजने गुंडाळली तर रुतत नाहीत.

बाईंच्या कानांत एकदम गरम झालं. तरी त्यांनी नीट विचारलं, कार्ड चुकलंय का? सरांना काहीच वाटलं नाही. मंडळाचा नियमच आहे, ते म्हणाले. पहिल्यापासून कुंडी ज्याची, झाड त्याच्या नावाने लागतं. पाच सभासद होते तेव्हा चांगल्या कुंड्या दुर्मिळ होत्या, त्यामुळे तसं ठरलं. बाईंनी मंडळाच्या चिटणीसांकडे पाहिलं. चिटणीस छताच्या पंख्याकडे बघायला लागले.

"मग कुंडी देताना हे का नाही सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"अहो, हे तर कोणालाही ठाऊक असतं," सर म्हणाले. "नवीन आहात, शिकाल हळूहळू. पुढच्या वर्षी स्वतःची कुंडी आणा."

चार वर्षं, आणि नवीन! त्या क्षणी बाईंना एकतीस वर्षांची सगळी पत्रं एकदम आठवली, आणि त्या सगळ्यांचा राग आला, त्याही दिवसांचा जेव्हा त्या हसून बाजूला झाल्या होत्या.

त्यांनी धाकटीला कुंडी एका बाजूने उचलून धरायला सांगितली. तळाच्या भोकांतून झाड कुंडीला तारेने बांधलेलं असतं. बाईंनी पर्समधली कात्री काढून चारही तारा कापल्या. सर म्हणाले, अहो बाई, काय करताय? मुळं तुटतील. बाईंना ते त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी दोन्ही हात दगडाखाली घातले आणि दगडासकट झाड अलगद वर उचललं. खालची बारीक मुळं तटतट तुटली, ते त्यांनी ऐकलं. मग टेबलावरचं ओलं फडकं घेऊन तळाशी बांधलं.

"कुंडी तुमची आहे," त्या म्हणाल्या. "राहू द्या तुमच्या नावाने. माती पण ठेवलीय."

कोणी अडवलं नाही. पाहुणा सरांकडे आणि कुंडीकडे आळीपाळीने बघत राहिला.

बसस्टॉपच्या बाकावर बसल्यावर बाईंनी झाड मांडीवर घेतलं. मांडीवरच्या झाडाला ऊन लागू नये म्हणून धाकटीने आपली छत्री धरली होती. फडक्यातून पाणी ठिबकून बाईंच्या चपला भिजल्या.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "इतकी मुळं तुटली. मेलं तर?"

बाईंनी दगड जरा वर सरकवून घट्ट धरला.

"मेलं तर माझं झाड मेलं," त्या म्हणाल्या.