लावलेली वाट

यशू झोपली की अक्षताला पाऊण तास मिळायचा. तेवढ्यात लंगोट, भांडी, दोन घास. आणि वेळ उरलाच तर तो कागद. हजेरीच्या जुन्या वहीतलं पान, नवऱ्याच्या, प्रितमच्या, शिक्षकी अक्षरातलं, घड्या पडून पडून मधोमध विरलेलं. वर मथळा, खाली दोन ठळक रेघा: ‘अक्षताची वाट लावण्याची योजना’.

ती पोटुशी असतानाचा हा विनोद. दर रविवारी तो गावामागच्या जंगलात जायचा आणि दुपारी कुसळांनी भरलेली पँट घेऊन परतायचा. “कुठं उलथला होता?” म्हटलं की म्हणायचा, “तुझी वाट लावून राह्यलो.” पोटातल्या बाळासकट ती हसायची.

पण वाट तो खरंच लावत होता. वनखात्याच्या फाटकापासून चढून कड्यावर जायचं, आणि दुसऱ्या अंगानं, पळसांमधून उतरून, पुन्हा फाटकाशी. सात किलोमीटर. लई सोपी न्हाई, लई अवघड न्हाई. प्रत्येक फाट्यावर तीन दगड एकावर एक, वरचा चपटा. त्या चपट्याचं टोक जिकडं, तिकडं वळायचं. कारण अक्षताला चुकायची भीती, आणि विचारायची त्याहून मोठी. दवाखान्यात, बसस्टँडवर, कुठंही, तोंड उघडायचं म्हटलं की तिच्या घशाला कोरड पडे. म्हणून त्यानं कागदाच्या तळाशी लिहिलं होतं: ‘कुणाला विचारायची गरज पडणार न्हाई. तू पुढं, मी मागं. बाळ तुझ्या झोळीत, लोणचं माझ्या पिशवीत.’

यशू दोन महिन्यांची असताना अंबडहून येताना त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. तो जागीच गेला.

आता यशू दहा महिन्यांची होती. अक्षतानं त्या वाटेनं जायला रविवार ठरवला. त्याच्या अक्षराखाली तिनं आपलं लिहिलं: सातच्या आत फाटक. पाणी दोन बाटल्या. टोपडं. लोणचं.

“लेकरू घेऊन एकटी रानात?” सासूबाई, चांगुणाबाई, भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या. “लोक काय म्हणतील?”

“एकटी न्हाई, आत्याबाई. त्यांनी वाट दाखवून ठेवलीय ना.”

चांगुणाबाई भिंतीकडून वळल्या. मग म्हणाल्या, “मंग टोपडी दोन घे. वर वारं असतंय.” आणि लोणच्याची बरणी स्वतःच फळीवरून काढून ठेवली.

शनिवारी दुपारी साखराबाई दूध घेऊन आली. जंगलाच्या कडेला तिची वस्ती. नवरा रायभान शेळ्या चारायचा. आज तोही मागून आला होता, हातात पेढ्यांचा पुडा.

“घरकुल मंजूर झालं, बाई!” साखराबाई उंबऱ्यातच बसली. “दगड पावले बघा.”

“कसले दगड?”

“रानात कुणीतरी तीन तीन रचून ठेवल्ते. म्हटलं, नवस बोलून घर मागितलंय कुणीतरी. मंग म्या बी रचले, घर दे म्हणून. माझं बघून बाकीच्या बायांनी. आता पार कड्यापर्यंत दगडांचं गावच बसलंय!”

अक्षताच्या हातातला पेढा तसाच राहिला. “ते पहिले तीनाचे... ते तरी तसेच आहेत ना, मावशी?”

“त्यांच्यावरच तर चढवले म्या. वरचे चपटे काढून खाली घातले, बैठकीला बरे म्हणून.”

अक्षतानं कागद उघडून दोघांच्या पुढं धरला. साखराबाईला वाचता येत नव्हतं. रायभाननं मोठ्यानं वाचलं, आणि डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर घेतलं.

“मला दिसल्ते सर,” तो म्हणाला. “म्या इचारलं, सर, काय करून राह्यले? म्हणले, बायकोची वाट लावून राह्यलो. मला वाटलं, मास्तर भाड्याच्या घरात राह्यतेत, घर मागत असतील. बुद्धाला मानणारी माणसं, नवस बोलायला लाजत असतील, म्हणून गंमत करून राह्यले. म्या कुणाला बोललो न्हाई. हिला बी न्हाई.”

साखराबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं, आणि तिच्या ध्यानात आलं. तिनं कपाळावर हात मारला. “आगं माय! म्या तर तुमची वाट लावली, बाई!”

अक्षताला हसू फुटलं. अगदी तेच, तेव्हाचं, पोट धरायला लावणारं. ते तिला आवरेना. आणि हसता हसताच ते कधी रडं झालं, ते तिला कळलंही नाही. आठ महिन्यांत ती लोकांसमोर अशी रडली नव्हती. आतून चांगुणाबाईंनी जाग्या झालेल्या यशूला आणून तिच्या मांडीवर दिलं आणि त्या तिच्या पाठीशी बसून राहिल्या.

“घर मिळालं ते बरं झालं, मावशी,” अक्षता शेवटी म्हणाली, आणि तिनं पेढा तोंडात घातला. मग तिनं कोरड्या घशानं विचारलं, “दादा, कड्याकडची वाट सांगाल का?”

“सांगायची कशाला? सकाळी सातला फाटकापाशी येतो. तुम्ही लेकराला घेऊन पुढं चाला, मी मागून...”

“न्हाई,” अक्षता पटकन म्हणाली. “तुम्ही पुढं व्हा, दादा. मागं नका येऊ. मागं कुणी नको.”

रायभाननं मान डोलावली. अक्षतानं कागदाची घडी विरलेल्या रेघेवरच घातली आणि तो लोणच्याच्या बरणीखाली ठेवला.