उघड्या दारामागची यादी

बाजार समितीच्या सभापतींच्या खोलीचं दार कायम उघडं असायचं. "आमचा कारभार असा उघडा," ते दाराकडे बोट दाखवून म्हणायचे. शेतीचं अनुदान कुणाला मिळालं, ती यादी लोकांसाठी लावायची असा नियम होता. तीही लावली होती, त्याच दाराच्या मागच्या अंगाला. दार उघडं, तोवर यादीचं तोंड भिंतीला.

समितीत भाजीच्या लिलावाला नावं पुकारायला एक बाई होती. आवाज असा, की पलीकडच्या रस्त्यावरची कुत्री उठून बसत. सगळे तिला भोंगाताई म्हणत. त्या सकाळी ती माईक न्यायला खोलीत आली. खोलीत कुणी नव्हतं. वाऱ्यानं धूळ आत येत होती, म्हणून तिनं दार लोटलं, आणि मागची यादी समोर आली.

सभापतींचे साडू, शेततळं. सभापतींच्या सूनबाई, ट्रॅक्टर. आणि हरितगृहापुढे तिच्याच पाठच्या भावाचं नाव; तो सभापतींचा ड्रायव्हर. हरितगृहाचा अर्ज तर तिनंही केला होता. 'निधी संपला' हे उत्तर तिला याच उघड्या दारातून मिळालं होतं.

तिनं यादी सालीसारखी सोलून काढली.

भाऊ जीपवर फडकं मारत होता.

"काय रे, हरितगृहात काय लावलंयस? टोमॅटो की थापा?"

फडकं थांबलं. "ताई, पैसे आले तसे साहेबांनी काढून घेतले. मी नुसती सही केली गं."

"मग मीही नुसतं वाचते."

"माझं नाव तेवढं गाळ. नोकरी जाईल माझी."

"तुला पाठीवर घेऊन फिरले रे मी. पण तुला गाळलं, तर बाकीच्यांना कुठल्या तोंडानं पुकारू?"

लिलावाची रीत साधी होती. नाव पुकारलं की मालकानं हात वर करून माल दाखवायचा. माल आला नसेल, तर 'माल नाही' हेही मालकानंच म्हणायचं. त्याचं उत्तर येईपर्यंत पुढचं नाव नाही.

मिरच्या गेल्या, वांगी गेली. चौथऱ्यावरून भोंगाताईनं यादी उलगडली.

"आता अनुदानाचा माल! हरितगृह, एक नग. मालक सभापतींचा ड्रायव्हर, माझा सख्खा भाऊ. माल दाखवा!"

आधी हशा पिकला. मग तराजूसुद्धा हलेनात.

सभापती एका पायात चप्पल घालून धावत आले. "बंद कर ते! उद्यापासून इथं दिसायचं नाही!"

"दिसले नाही तरी ऐकू येईन, साहेब."

त्यांनी माईकची तार उपटली. पण त्या गळ्याला तार कधी लागलीच नव्हती.

"हरितगृह! माल दाखवा!"

पोत्यांच्या मागून एक हात वर आला, फडक्यासकट.

"माल नाही," भाऊ म्हणाला. मग छातीतून, बहिणीच्याच आवाजात, "माल नाही! पैसे साहेबांकडे!" पुढे येऊन त्यानं जीपची किल्ली वजनकाट्यावर ठेवली.

ताईनं डोळे पुसले, ते यादीनंच. "पुढचं नाव. शेततळं. मालक सभापतींचे साडू. माल दाखवा!"

साडू भोपळ्यांच्या ढिगाआड वाकले. सगळा बाजार तिकडे वळला आणि रीतीप्रमाणे उत्तराची वाट बघत उभा राहिला. कुणालाच घाई नव्हती.