तीन बाजूंची तार

इंदूबाई पहिल्यांदा माझ्याकडे आली, तेव्हा मी तिला ठणकावून सांगितलं की तुमची जागा अस्तित्वातच असू शकत नाही. अठ्ठावीस वर्षं कर्जतला दहावीचं बीजगणित शिकवते आहे. ठणकावून बोलायची खोड लागली आहे, जाता जात नाही.

ती कोंडाणे लेण्यांच्या अलीकडच्या एका वाडीतली. नवरा कोंडाजी चार वर्षांपूर्वी गेला. मागे राहिली ती आणि रस्त्याला लागून असलेली घराची जागा. कागदावर लिहिलंय : काटकोनी चौकोन, तीनशे चौरस मीटर. लांबी किती, रुंदी किती, काही नाही. शेजारची जमीन बंगलेवाल्यांनी घेतली, जेसीबी फिरला आणि हद्दीचे दगड, खांब, तार सगळं सपाट झालं. एक टोक दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याच्या, पोशाच्या, भिंतीपाशी आहे, हे सगळ्यांना मान्य. तिथून रस्त्याच्या कडेने तिची जागा कुठवर जाते, यावर भांडण. कारण चोवीस-पंचवीस मीटरवर विहीर आहे. इंदूबाई आणि कोंडाजी, दोघांनी दोन उन्हाळे राबून खणलेली.

गावाला आठवत नव्हतं असं नाही. चांगलं आठवत होतं. पण अर्धं गाव त्याच बंगल्यांवर कामाला लागलेलं, तोंड कोण उघडणार? पंचांनी हात झटकले. "आमी कुनाची बाजू घेत नाय. हिशोब काय तो बोलंल," म्हणाले. हिशोबाला धरायला दोन्हीकडे मान्य अशी एकच गोष्ट होती. कोंडाजीने कुंपणाला पन्नास मीटर तार आणली, एकपदरी ताणली आणि वीतभरही उरली नव्हती.

"चार बाजूंना मिळून पन्नास मीटर," मी पाटीवर आकडे टाकत म्हटलं, "म्हणजे लांबी अधिक रुंदी पंचवीस. पंचवीसात फार तर एकशे छप्पन चौरस मीटर बसतील. तीनशे कुठून आणता?"

तिने मान हलवली. "म्याडम, रस्त्याकडनं तार कोन लावतंय? चैतात देवीची पालखी अंगनात येते. ती बाजू आमी उघडीच ठेवतो. तार तीनच बाजूंना."

आमच्या पुस्तकातल्या शेतांना चारही बाजूंनी कुंपण असतं आणि त्यांत पालखी कधी शिरत नाही.

पाटी पुसली, पुन्हा मांडलं. रस्त्याकडची बाजू x, आत जाणारी y. तार : x + 2y = 50. क्षेत्रफळ : xy = 300. पहिल्यातून x काढला, दुसऱ्यात घातला, दोनाने भागलं. y² − 25y + 150 = 0. बेरीज पंचवीस, गुणाकार दीडशे अशा दोन संख्या हव्यात, म्हणजे दहा आणि पंधरा. अवयव असे झटकन पडले की मला आनंदच झाला. आत जाणारी बाजू दहा, तर रस्त्याकडची बाजू तीस.

"तीस मीटर! विहीर तुमची, इंदूबाई!"

तिने पदर तोंडाला लावला. मग माझी नजर पंधरावर गेली. आत जाणारी बाजू पंधरा, तर रस्त्याकडची बाजू वीस. तारही पन्नास, क्षेत्रही तीनशे. विहीर बाहेर, आणि तिच्या बदल्यात मागचा कातळ.

"यातलं खरं कोनतं?" तिने विचारलं.

"गणितात दोन्ही."

"पन जागा तर एकच हाय माझी."

हातात खडू असून मला इतकं निरुपयोगी कधी वाटलं नव्हतं.

पंचांच्या बैठकीला मी स्वतः गेले. दोन्ही उत्तरं समोर ठेवायची, गावाला लाज वाटेल आणि कुणीतरी आठवेल ते बोलेल, असा माझा भाबडा बेत. बंगलेवाल्यांकडून कमलेश आला होता. माझाच विद्यार्थी, आता त्यांचा साइट इंजिनिअर. त्याने सुबक छापलेला कागद पंचांना दिला. तीच समीकरणं, तेच अवयव, पायरी न् पायरी माझ्याच पद्धतीने. शेवटी एकच उत्तर : वीस गुणिले पंधरा.

"दुसरं कुठे आहे?" मी ओरडलेच. "तीस आणि दहा कुठे आहे, कमलेश?"

"मॅडम, शाब्दिक उदाहरणात जी किंमत लागू पडत नाही ती सोडायची, असं तुम्हीच शिकवलंत," तो अदबीने म्हणाला.

"ऋण आली तर सोडायची! तीस काय ऋण आहे?"

पंच कंटाळले होते. त्यांतल्या वडीलधाऱ्याने मला विचारलं, "म्याडम, येवढंच सांगा. पोराचं उत्तर चूक हाय का?"

"चूक नाही, पण..."

"मंग बरोबर हाय."

"बरोबर आहे, पण दुसरंही..."

"दोन्ही बरोबर असतील तर कुनाचं तरी एक घ्यावंच लागनार." त्याने लिहिणाऱ्याला खूण केली. "लिव्ह रं. शाळेच्या म्याडमनी हिशोब बरोबर हाय म्हनून सांगितलं."

मी आजूबाजूला पाहिलं. ज्यांनी त्या विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं शेंदलं होतं ते सगळे मान खाली घालून बसले होते. पोशासुद्धा. मी खोटं बोलायला हवं होतं. 'चूक आहे' एवढे दोन शब्द म्हटले असते, तर त्या खोलीत कुणाला ते खोडता आलं असतं? कमलेशला. पण तो तेवढ्यापुरता तरी बिचकला असता. मला ते सुचलंच नाही, आणि याचा राग अजून जात नाही.

बाहेर आल्यावर इंदूबाई रडली नाही. तिने पिशवीतून एक चुरगळलेला कागद काढला. माझ्या पाटीवरचं तिने त्या दिवशी सोबत आलेल्या भाचीकडून उतरवून घेतलं होतं : तीस आणि दहा.

"यो हिशोब पन बरोबर होता ना?"

"होता."

"मंग यावर पन बरोबर लिवून द्या."

मी लाल पेनने बरोबरची खूण केली, खाली सही केली, तारीख घातली. तिने कागद नीट घडी करून कमरेला खोचला. पलीकडे दोन माणसं विहिरीच्या अलीकडून चुन्याची रेघ मारत होती.