म्हातारबाचं न्हाणं

मळके केस मला बघवत नाहीत, मग ते कुणाचेही असोत. केस कापायचं दुकान चालवते मी, हात शिवशिवतात. त्यामुळे नणंद लेकीच्या बाळंतपणाला निघाली आणि तिचा निवडुंग आमच्याकडे ठेवून गेली, तेव्हाच मी ठरवलं की ह्या बाबाला आधी न्हाऊ घालायचं. सरळसोट खांब, अंगभर म्हाताऱ्याच्या केसांसारखी पांढरी लोकर, खाली धुळीने पिवळी पडलेली. नणंद त्याला म्हातारबा म्हणते. नवरा गेला त्या वर्षी बी पेरून वाढवलाय तिने. जाताना बजावून गेली होती, थंडीत पाणी घालू नकोस. पाणी म्हणजे मुळांना, असा मी आपला सोयीचा अर्थ लावला.

कुंडीतल्या मातीवर प्लास्टिक बांधलं, शाम्पू लावला, कंडिशनर चोपडला, विंचरला आणि दुकानात आरशाशेजारी ठेवला. काय रूप आलं होतं म्हणून सांगू! येणारी प्रत्येक बाई त्याचं कौतुक करायची. मग काय, मी चढले हरभऱ्याच्या झाडावर. दर आठवड्याला न्हाणं सुरू. ऊन नव्हतंच, लोकर वरून सुकायची आणि आत ओलीच राहायची.

एकदा विंचरताना कंगवा आत रुतला. लोकर बाजूला केली तर बुडाशी मऊ, तपकिरी, आंबूस वासाचं काहीतरी. तशीच कुंडी उचलून रोपवाटिकेत गेले. माळी म्हणाला, वरचा भाग अजून टणक आहे, सडक्याच्या वर आजच्या आज कापा, काप सुकू द्या, मग कोरड्या वाळूत लावा, जगेल. उशीर केलात तर सड आतून चढत जाईल आणि बाहेरून कळणारही नाही.

घरी येऊन सुरी काढली, पण हात धजेना. तिच्या म्हातारबावर तिला न विचारता सुरी कशी चालवायची? आणि विचारायचं तर सगळं सांगावं लागणार. सासूबाई खुर्चीतून बघत होत्या. त्या म्हणाल्या, सांगून टाक गं, माझी लेक काय तुला खाणार आहे? मी मान डोलावली.

संध्याकाळी तिचाच फोन आला. नात झाली होती, आनंद नुसता ओसंडून चालला होता. बाळाचं सगळं सांगून झाल्यावर तिने म्हातारबाची चौकशी केली. मी म्हटलं, मजेत आहे. आजच्या दिवशी कशाला विरजण घालायचं, असं मनाला समजावलं. पुढच्या फोनला बाळाला सर्दी होती, त्याच्या पुढच्याला लेक थकली होती. सबबीला काय तोटा! तिने फोटो मागितला, तेव्हा मी चांगली बाजू पुढे केली, केस नीट बसवले आणि पाठवला. तिने कौतुकाने लिहिलं, माझ्यापेक्षा तूच त्याला छान ठेवलंयस. ते वाचून मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. तरीही मी गप्प राहिले.

मग म्हातारबा एका बाजूला कलला. आता मात्र मी सुरी चालवली. काप घेतला तर मधोमध तपकिरी. आणखी वर कापलं, तरी तपकिरीच. कापत कापत शेंड्याला पोचले आणि हातात नुसती लोकर उरली.

मीच फोन लावला. न्हाणं, कंडिशनर, माळी, तो फोटो, काही लपवलं नाही.

"धुतलंस त्याचं काही नाही गं," ती म्हणाली. "उन्हाळ्यात मीही धुते. पण माळ्याने सांगितलं त्या दिवशी का नाही बोललीस?"

"ताई, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

हेही पुरतं खरं नव्हतं. मला माझीच लाज झाकायची होती. ती चिडली असती तर बरं झालं असतं, पण तिचा आवाज शांतच होता.

"आई बरी आहे ना?"

"हो ताई, अगदी ठणठणीत."

"तिला दे फोन," ती म्हणाली. "तिच्याकडूनच ऐकते."

मी फोन सासूबाईंच्या हातात दिला.