शुक्रवारचा डबा

दर शुक्रवारी गावाकडची, पिशोरची एसटी शहरात शिरायची, तेव्हा सुदर्शन स्टँडवर हजर असायचा. कॉलेजात होता तेव्हापासून आई, वच्छलाबाई, ड्रायव्हरच्या हाती डबा धाडायची. ड्रायव्हर बदलले, हॉस्टेल सुटलं, वाळूजला नोकरी लागली. डब्यातली बाजरीची भाकर आणि ठेचा तेवढा तोच राहिला. ठेच्याचा वास सुटला की हॉस्टेलातली अख्खी खोली डब्याभोवती मांडी ठोकून बसायची, ते त्याला अजून आठवायचं.

पुण्यात दीडपट पगाराची नोकरी चालून आल्याचं त्यानं कालच फोनवर सांगितलं होतं. "जावं का नाय, ठरंना," म्हणाला होता. आई नुसतं "व्हय" म्हणाली होती.

आज डबा उघडला तर आत दशम्या, लांबच्या प्रवासाला बांधून देतात तशा. त्यानं तिथूनच फोन लावला.

"पुण्याला पोचस्तोवर भाकर वाळंल," आई म्हणाली. "दशमी चार दिस टिकती. खाऊन बघ. जमली असंल तर जा खुशाल."

सुदर्शननं तुकडा मोडला. दशमी मऊसूत होती, गुळाची गोडी नेमकी उतरली होती.

"नाय जमली, आई," तो म्हणाला. "तू भाकरच धाड."