पऱ्हाटीच्या चिठ्ठीखालची चोच

मित्रांनो, मी एक जुनं, वाळलेलं रानजिरॅनियम आहे. आर्णीच्या एका कॉलेजात, लोखंडी कपाटातल्या जाड कागदावर दोऱ्याच्या टाक्यांनी बसलो आहे. पण माझं माहेर ऐकाल तर हरखून जाल. हिमालयाचा उतार, जिथे ढग पानांना शिवून जातात.

माझी पानं पंजासारखी फाटलेली. फुलं जांभळी, पाच पाकळ्यांची. पाकळ्यांवर गर्द रेघा, मधमाशीला मधाची वाट दाखवणाऱ्या. फूल गळलं की बगळ्याच्या चोचीसारखं लांब फळ उरायचं. बुडाशी पाच बिया, प्रत्येकीला एकेक ताठ पट्टी. फळ सुकलं की पट्टी सटकन वर वळायची आणि बी दूर भिरकावायची. वारा तेव्हा चोचीचीच ओवी गात असल्यासारखा वाटे,

पाच माझ्या लेकी, उन्हाच्या गं वाटेवरी
एकेक धाडीते मी, दूर दगडांच्या घरी

आर्णीच्या कॉलेजातून सहलीला आलेल्या नरहर सरांनी मला मुळासकट अलगद उपटलं. माझी एक चोच अजून हिरवी होती. तिच्यावर त्यांनी दोऱ्याचे दोन टाके घातले, म्हणून ती कधी उघडलीच नाही. पाचही लेकी माझ्यापाशीच, त्यांच्या माहेरी राहिल्या.

कॉलेजात माझं केवढं कौतुक! मुलं भिंग घेऊन माझ्या रेघा मोजायची. मग नरहर सर निवृत्त झाले. एका पावसाळ्यात कपाटात ओल शिरली, नाव-गावाच्या चिठ्ठ्या सुटून खाली पडल्या. माझी तर कसरीनेच खाल्ली. प्रयोगशाळेचे बबनराव जातीचे शेतकरी. त्यांनी कणकेची खळ केली आणि अंदाजाने चिठ्ठ्या डकवल्या. माझं फाटलेलं पान पाहिलं आणि चोचीवरच चिठ्ठी चिकटवली: ‘कापूस. राळेगाव.’

हिमालयाचं लेकरू मी, आणि वीस वर्षं पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, म्हणून जगलो!

परवा सुमेधा मॅडम कपाट आवरायला बसल्या. मुली एकेक कागद वाचून दाखवत होत्या. राळेगावची सोनू माझ्यापाशी थबकली.

“मॅडम, हे पऱ्हाटी नाही.”

“काहून वं?” बबनराव म्हणाले. “पान पाह्य ना, कसं फाटेल हाय.”

“काका, बोंड कुठी हाय? अन् पऱ्हाटीच्या पानावर बारीक काळे ठिपके असतात. मी लहानपणापासून कापूस वेचून राह्यली, मले नोको सांगू.”

मुली हसल्या. मॅडमनी भिंग धरलं. “खरंच, हे जिरॅनियम आहे. पण आणलं कुठून? नमुन्याचं गाव हरवलं की त्याचा अभ्यासाला काही उपयोग नाही. टाकून द्यावा लागेल.”

रद्दीचा गठ्ठा माझ्यापासून दोनच हातांवर होता.

बबनराव पुढे आले. मग हळूच बोलले, “चिठ्ठी म्याच लावलती. मले वाटलं पऱ्हाटीच हाय. मॅडम, टाकाच्या आधी चिठ्ठी सोडवून तं पाहू. नरहर सर कागदावर शिसपेन्सिलीनं लिवत जात.”

त्यांनी ओला फडका चिठ्ठीवर ठेवला. खळ विरघळली. चिठ्ठी निघाली, तिच्यासोबत कुजलेला दोराही. खाली फिकट अक्षरं होती: गावाचं नाव, उंची, तारीख, ‘उत्तरेचा उतार, ओल्या खडकांत.’

“सापडलं,” मॅडम म्हणाल्या.

पण खरी गंमत पुढेच. माझी चोच मोकळी झाली होती. सोनूने पंखा लावला, कागद सुकू लागला. पट्टी ताणली, अजून ताणली, आणि टक्! एक बी उडाली ती थेट बबनरावांच्या टोपीवर.

“अगं माय,” बबनराव टोपी काढून बघू लागले, “हे तं जित्तं हाय.”

जिवंत नव्हतं ते, मित्रांनो. सुकलेल्या पट्टीचीच ती ताकद. पण इतक्या वर्षांनी लेक सासरी निघाली, त्याचा आनंद काय सांगू! टोपीवर का होईना, निघाली.

मॅडमनी बी कागदाच्या पुडीत घालून माझ्या शेजारी डकवली. बबनरावांनी विचारलं, “ते चुकीची चिठ्ठी फेकू?”

“नाही काका. जुनी चिठ्ठी काढली तरी कागदावरच ठेवायची. चूकही नमुन्याचाच इतिहास असतो.”

बबनरावांनी कापसाची चिठ्ठी खालच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने लावली आणि खाली लिहिलं, ‘ही माझी चूक. बबन.’

तर मित्रांनो, रानातून फूल आणलंत, तर आधी त्याचं गाव लिहा, थेट कागदावर. आणि सोनूसारखं नीट पाहा. माझ्या चोचीत अजून चार लेकी आहेत. पंखा पुन्हा फिरला, तर टोप्या सांभाळा.